कंपायलरचा पत्ता

सन १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हीं गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होतीं, व त्या संस्थानाची दरबारी भाषा उर्दू होती. घरीं, शेतांत आणि बाजारांत मराठी बोलणाऱ्या कुणब्यास कचेरींत कांहीं मागावयाचें झालें म्हणजे त्याची मराठी उंबऱ्याबाहेर राही. अशा वेळीं त्याच्या उपयोगी पडे तो अर्जनवीस. कुणब्याचें म्हणणें तो मराठींत ऐकून घेई, कचेरीस मान्य अशा उर्दू साच्यांत तें उतरवी, आणि मग तो कागद अंमलदारापुढें जाई. कुणब्याची मागणी न्याय्य कीं अन्याय्य, हा प्रश्न पुढचा. अर्जनवीस ठिकाणावर नसला तर ती मागणी कोणाच्या कानांवर पडण्याचीच वाट नसे.

संस्थान गेलें, कचेरीची भाषा मराठी झाली. परंतु नांदेडास व लातुरास संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर आज जो प्रसंग वारंवार येतो, तो त्या कुणब्याच्या प्रसंगाशीं फार मिळताजुळता आहे. पुस्तकांतील प्रोग्रॅम त्यानें जसाच्या तसा उतरविलेला असतो. अर्धविरामसुद्धां चुकलेला नसतो. तरी चालविण्याची कळ दाबतांच पडद्यावर इंग्रजी ओळ उमटते, आणि तिचा मतलब एवढाच असतो कीं, सांगितलेल्या ठिकाणीं कंपायलर सांपडला नाहीं. विद्यार्थी ती ओळ आपल्या प्रोग्रॅमवरील दोषारोप समजतो, तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासतो, आणि अखेर हा विषय आपल्या डोक्याचा नव्हे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. खरी हानि होते ती येथें. चूक त्याच्या लिहिण्यांत मुळींच नसते. अर्जनवीस कोठें बसतो हें कोणी कोणास सांगितलेलें नसतें.

कंपायलर म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. संगणकाच्या गाभ्यांतील यंत्रास शून्य आणि एक या दोन खुणांच्या ओळींपलीकडे कांहीं कळत नाहीं. त्या ओळी हातानें लिहिणें मनुष्यास अशक्य नाहीं, पण तें जिवावरचें काम आहे. म्हणून मनुष्य आपल्या सोयीच्या भाषेंत लिहितो, आणि त्या मजकुराचें यंत्राच्या खुणांत रूपांतर करण्याचें काम कंपायलर करतो. हा कंपायलर पेटींत बसविलेला एखादा यंत्रभाग नव्हे. तोही एक प्रोग्रॅमच. इतर फायलींसारखा डिस्कवरच्या कोठल्या तरी फोल्डरमध्यें पडून असलेला. ही गोष्ट क्षुल्लक वाटते खरी, पण पुढील साऱ्या घोटाळ्याचें मूळ हिच्या विस्मरणांत आहे.

यंत्राकडूनच असें रूपांतर करवून घेण्याच्या कामाचा आरंभ ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीनें १९५२ च्या सुमारास केला. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आयबीएम कंपनींत फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. सी ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बेल प्रयोगशाळेंत घडविली, आणि तिच्या पायावर ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनीं उभारलेली सी प्लस प्लस १९८५ सालीं लोकांच्या हातीं आली. या शेवटच्या दोन भाषांशींच मराठवाड्यांतील विद्यार्थ्याची पहिली गांठ पडत आली आहे. बारावीच्या संगणकशास्त्रांत सी प्लस प्लस, आणि पदविकेच्या व पदवीच्या वर्गांत सी.

त्या काळीं लिहिण्याचें साधन एक, कंपायलर दुसरा आणि चुका शोधण्याचें साधन तिसरें, असा पसारा असे. बोर्लंड या अमेरिकन कंपनीनें १९८३ सालीं टर्बो पास्कल काढलें आणि हा पसारा एका खिडकींत आणून बसविला. १९८७ सालीं टर्बो सी व १९९० सालीं टर्बो सी प्लस प्लस हीं त्याचीं भावंडें निघालीं. निळा पडदा, त्यावर पिवळीं-पांढरीं अक्षरें, माथ्यावर राखाडी पट्टी, असें तें साधन देशभरच्या महाविद्यालयांत पसरलें. नांदेडचें श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ सालचें, आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालचें. म्हणजे या भागांत संगणकाचें शिक्षण रुजलें तो काळ या निळ्या पडद्याच्या भरभराटीचाच होय. ऑल्ट आणि एफ-नऊ या कळा दाबल्या कीं भाषांतर होई, कंट्रोल आणि एफ-नऊ दाबल्या कीं प्रोग्रॅम चाले, आणि ऑल्ट व एफ-पांच दाबल्यावर उत्तर दिसे. बोटांना या कळा अशा सरावल्या कीं कित्येकांना आजही त्या झोपेंत सांगतां येतील.

या सोयीनें एक गैरसमज मात्र मागें ठेवला. लिहिण्याची जागा आणि भाषांतर करणारा एकाच घरांत राहत असल्यामुळें ते दोघे एकच होत, असा समज विद्यार्थ्यांच्या मनांत घट्ट बसला. वास्तविक त्या निळ्या पडद्यामागेंही पत्त्यांची यादी होतीच. तिच्या पर्यायांत शिरून पाहिलें असतां हेडर फायली अमुक फोल्डरमध्यें व लायब्ररी तमुक फोल्डरमध्यें, अशी नोंद दिसे. प्रयोगशाळेंतील एका यंत्रावरून टर्बोचें फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर निराळ्या ठिकाणीं ठेवलें, आणि ती नोंद बदलावयाची राहिली, कीं पहिल्याच ओळीवर हेडर फाईल उघडतां येत नाहीं अशी तक्रार येई. शिक्षक येत, दोन कळा दाबीत, आणि सारें सुरळीत होई. काय केलें हें सांगण्यास तासांत वेळ नसे.

पुढें काळ बदलला. विंडोजची चौसष्ट बिटांची आवृत्ति घरोघरच्या लॅपटॉपवर आली, आणि तिच्यावर सोळा बिटांचे प्रोग्रॅम मुळींच चालत नाहींत. टर्बो सी प्लस प्लस हा तशा जुन्या पिढींतला. मग डॉसबॉक्स नांवाच्या साधनानें लॅपटॉपच्या पोटांत जुन्या संगणकाचा आभास निर्माण करावयाचा आणि त्यांत तो निळा पडदा उघडावयाचा, अशी युक्ति रूढ झाली. जर्नलमधील प्रयोग जुने, टिपणें जुनीं, वरच्या वर्गांतील मुलांकडून मिळालेलीं कार्यक्रमांचीं पानें जुनीं. तेव्हां या युक्तीस नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. निकड भागते, हें खरेंच.

तथापि तिची किंमत केवढी पडते, हें एका उदाहरणावरून दिसेल. २०११ च्या जनगणनेंत नांदेड शहराची वस्ती सुमारें साडेपांच लाख भरली. हा आंकडा टर्बो सी प्लस प्लसमध्यें 'इंट' या साध्या पूर्णांकाच्या खणांत ठेवला, तर तो तेथें मावत नाहीं; कारण तो खण दोन बाइटांचा, आणि त्यांत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या बसत नाहीं. प्रोग्रॅम अडत नाहीं, चालतो. परंतु ५,५०,००० च्या जागीं पडद्यावर २५,७१२ हा आंकडा येतो. हल्लींच्या कंपायलरमध्यें तोच खण सामान्यतः चार बाइटांचा असतो व त्यांत दोनशें चौदा कोटींपर्यंतची संख्या सुखानें राहते. शिवाय सी प्लस प्लस भाषेचें पहिलें आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ सालीं ठरलें, आणि टर्बोचा जन्म त्याच्या आधींचा. त्यामुळें त्यावर शिकलेला विद्यार्थी जी भाषा लिहितो, ती आजचा कंपायलर जागोजागीं नाकारतो. लातुराहून पुण्यास नोकरीच्या परीक्षेला बसलेल्या मुलास हें तेथें, घड्याळ चालूं असतांना कळणें, ही कांहीं बरी वेळ नव्हे.

आतां बाहेरच्या कंपायलरची गोष्ट. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू ही योजना जाहीर केली. सर्वांना वापरतां, पाहतां व सुधारतां येईल अशी प्रणाली मुळापासून रचावयाची, हा तिचा हेतु. तिच्यांतून १९८७ सालीं जी. सी. सी. हा कंपायलर निघाला. तो मोफत आहे, आणि जगांतील असंख्य यंत्रांवर चालतो. विंडोजवर चालण्याजोगें त्याचें जें रूप आहे त्यास मिनजीडब्ल्यू म्हणतात. हा कंपायलर खिडकी उघडीत नाहीं, रंग दाखवीत नाहीं. आज्ञा मिळाली कीं मजकूर वाचतो आणि भाषांतर करून देतो. त्याच्यापुढें लिहिण्याचें आवार म्हणून निराळें साधन घ्यावें लागतें. आपल्याकडे विद्यार्थ्यांत कोड ब्लॉक्स हें त्यांपैकीं परिचित आहे, आणि २०१५ सालीं मायक्रोसॉफ्टनें काढलेलें व्हीएस कोड हें हल्लीं अधिकाधिक दिसूं लागलें आहे. आवार येथें, अर्जनवीस तेथें. दोघांची ओळख करून देणें, हेंच जोडणीचें सारें काम.

पहिली ठेंच बहुधा उतरवून घेतांनाच लागते. कोड ब्लॉक्सचें स्थापनेचें पुडकें दोन प्रकारचें मिळतें: एकांत कंपायलर अंतर्भूत असतो, दुसऱ्यांत नसतो. दुसरें आकारानें पुष्कळ लहान. मोबाइलच्या इंटरनेटवर लॅपटॉप जोडून काम भागविणारा खेड्यांतील मुलगा साहजिकच लहान पुडकें निवडतो. स्थापना निर्विघ्न होते, खिडकी उघडते, अक्षरें रंगीत दिसतात, आणि सारें साधलें असें वाटतें. अंगणांत बैठक घातलेली आहे, दौत-लेखणी मांडलेली आहे. लिहिणारा मात्र आलेलाच नाहीं. व्हीएस कोडची गोष्ट याहून फसवी. त्यांत सी प्लस प्लसचें जें जोडपुडकें बसवितात तें शब्द सुचवितें, चुकांखालीं रेघा ओढतें. पण भाषांतर करणारा त्यांत नसतो. तो स्वतंत्रच आणावा लागतो.

कंपायलर आणल्यावर तो ठेवावयाचा कोठें, यास महत्त्व आहे. सी ड्राइव्हच्या अगदीं मुळाशीं, आंखूड इंग्रजी नांवाच्या फोल्डरमध्यें ठेवणें उत्तम. ज्या फोल्डरच्या नांवांत मोकळी जागा आहे, तेथें मिनजीडब्ल्यूचीं कांहीं साधनें अडखळतात. देवनागरी नांवाचाही तोच त्रास. मातृभाषेच्या प्रेमानें एखाद्यानें आपल्या फोल्डरला 'माझे प्रयोग' असें नांव दिलें, तर त्यांत देवनागरीही आली आणि मोकळी जागाही आली. प्रेम इतरत्र दाखवावें.

यानंतरची पायरी पत्त्याची. मिनजीडब्ल्यूच्या फोल्डरांत 'बिन' नांवाचें एक पोटफोल्डर असतें, आणि कंपायलरची खरी फाईल त्यांत असते. विंडोज आपल्यापाशीं 'पाथ' नांवाची पत्त्यांची एक यादी बाळगते. कोणताही प्रोग्रॅम नुसत्या नांवानें हांक मारून मागितला कीं ती या यादींतील ठिकाणें क्रमानें धुंडाळते, आणि जेथें तो प्रथम भेटेल तेथून तो उचलते. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स नांवाच्या खिडकींत जाऊन या यादींत 'बिन'चा पूर्ण पत्ता जोडावयाचा. जुने पत्ते पुसावयाचे नाहींत. शेवटीं नवा जोडावयाचा. येथें आणखी एक बारकावा असा कीं, आधींपासून उघडलेल्या खिडक्यांजवळ जुनीच यादी असते. त्या बंद करून पुन्हां उघडल्याखेरीज नवा पत्ता त्यांना कळत नाहीं. सारें बरोबर करूनही 'झालें नाहीं' म्हणून पुन्हां आरंभापासून स्थापना करणारे कितीक विद्यार्थी याच जागीं अडलेले असतात.

आतां जी परीक्षा सांगावयाची ती सर्वांत मोलाची आहे, आणि नेमकी तीच कोणी करीत नाहीं. कोड ब्लॉक्स किंवा व्हीएस कोड उघडण्यापूर्वीं कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडावी, आणि तेथें 'जी प्लस प्लस' हें कंपायलरचें नांव, मग मोकळी जागा, दोन आडव्या रेघा व त्यांना चिकटून 'व्हर्जन' हा शब्द, इतकें लिहून एंटर दाबावें. कंपायलरनें आपलें नांव व आवृत्तीचा आंकडा सांगितला, तर तो हजर आहे व त्याचा पत्ता विंडोजला ठाऊक आहे. मग पुढें जी अडचण येईल ती आवाराच्या मांडणींतली. आज्ञा ओळखीची नाहीं असें उत्तर आलें, तर आवाराशीं झगडण्यांत वेळ दवडूं नये. दोष पत्त्यांत आहे, किंवा कंपायलर आलेलाच नाहीं. अर्ध्या मिनिटाच्या या चांचणीनें शोधाचें क्षेत्र अर्ध्यावर येतें.

क्वचित् असेंही होतें कीं कंपायलर उत्तर देतो, पण आवृत्ति भलतीच जुनी सांगतो. याचा अर्थ यंत्रावर दोन कंपायलर आहेत, आणि यादींत जुन्याचा पत्ता आधीं लागतो. पूर्वीं कधीं तरी बसविलेल्या दुसऱ्या साधनाबरोबर तो आलेला असतो. त्याच काळ्या खिडकींत 'व्हेअर' हा शब्द व पुढें कंपायलरचें नांव लिहिलें असतां दोघांचे पत्ते क्रमानें समोर येतात. नव्याचा पत्ता यादींत वर सरकविला कीं काम होतें.

कोड ब्लॉक्सच्या मांडणींत सेटिंग्ज, त्यांत कंपायलर, आणि त्यांत टूलचेन एक्झिक्युटेबल्स असें शिरावें. तेथें कंपायलरच्या स्थापनेचें फोल्डर विचारलेलें असतें. यांत 'बिन'चा पत्ता द्यावयाचा नाहीं. त्याच्या वरच्या फोल्डरचा द्यावयाचा, कारण 'बिन' तें आपलें आपण जोडून घेतें. पाथच्या यादींत 'बिन'सकट आणि येथें 'बिन'शिवाय, हा भेद ध्यानीं न राहिल्यानें फार गोंधळ होतो. शेजारीं आपोआप शोधण्याची कळ आहे. नेहमींच्या जागीं कंपायलर असेल तर ती पुरते. त्याखालीं निरनिराळ्या कामगारांचीं नांवें असतात: सीचा कंपायलर, सी प्लस प्लसचा कंपायलर, लिंकर, डिबगर. मिनजीडब्ल्यूच्या कांहीं वांटपांत फाईलचें नांव नुसतें 'जीसीसी' असतें, तर कोड ब्लॉक्स त्या नांवाआधीं 'मिनजीडब्ल्यू-बत्तीस' असें उपपद लावून शोधीत असतें. मनुष्य घरांत आहे, पण हांक दुसऱ्याच नांवानें मारली जात आहे, असा हा प्रकार. 'बिन' उघडून खरें नांव पाहावें आणि तेंच येथें लिहावें. व्हीएस कोडमध्यें हीच नोंद एका लहानशा फाइलींत होते. तेथें कंपायलरचा पूर्ण पत्ता द्यावा म्हणजे संदिग्धता उरत नाहीं.

लिंकर हें नांव वर आलें, त्याविषयीं दोन शब्द. कंपायलर मजकुराचें भाषांतर करतो, परंतु पडद्यावर अक्षरें काढणें, वर्गमूळ काढणें असलीं तयार कामें लायब्ररींतून आणून त्या भाषांतरास जोडणारा तो लिंकर. कधीं कधीं प्रोग्रॅम तयार होतो, कोड ब्लॉक्समधून चालतोही, परंतु तीच फाईल बाहेर दोनदां टिचकी मारून उघडली असतां अमुक डीएलएल सांपडत नाहीं म्हणून अडते. ती डीएलएलही बहुधा त्याच 'बिन'मध्यें असते, आणि पाथमधील पत्ता तिलाही उपयोगी पडतो.

इतकें झाल्यावर येणाऱ्या तक्रारींचे दोन वर्ग करण्यास विद्यार्थ्यानें शिकलें पाहिजे. ज्या संदेशांत त्याच्या फाइलीचें नांव व ओळीचा क्रमांक आहे, तो सामान्यतः कंपायलरचा; त्यानें मजकूर वाचला, आणि अमुक ओळीवर तो अडला. असा संदेश येणें म्हणजे जोडणी यशस्वी झाल्याचाच पुरावा होय. ज्या संदेशांत ओळीचा क्रमांक नाहीं, फोल्डरांचे पत्ते आहेत, आणि कंपायलर सांपडत नाहीं असा सूर आहे, तो आवाराचा. पहिल्या प्रकारांत प्रोग्रॅम दुरुस्त करावा; दुसऱ्यांत प्रोग्रॅमला हातसुद्धां लावूं नये. दोन्हीं संदेश इंग्रजींत, दोन्हीं एकाच चौकटींत, म्हणून मराठी माध्यमांतून आलेल्या मुलास ते सारखेच भयंकर वाटतात. वर्गांत पहिल्या दिवशीं मुद्दाम कंपायलरचा पत्ता चुकवून हा दुसरा संदेश सर्वांना एकदां दाखविला, तर पुढील सहा महिन्यांची भीति कमी होईल.

मराठींतून ऐकण्याची सोय मात्र आहे. मुंबईच्या आयआयटीनें चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांत सी व सी प्लस प्लस या भाषांचे धडे मराठी निवेदनासह मिळतात, आणि त्यांत उबुंटू या मुक्त प्रणालीवर जी. सी. सी. वापरून दाखविला आहे. उबुंटूवर एका आज्ञेनें कंपायलर येतो व पत्त्याचा खटाटोप बहुतेक करावाच लागत नाहीं. ज्याच्या लॅपटॉपवर विंडोजच राहणार, त्यानेंही ते धडे ऐकावे; कंपायलर स्वतंत्रपणें कसा बोलतो हें त्यांत चांगलें दिसतें.

राहतां राहिला जर्नलमधील जुन्या प्रयोगांचा प्रश्न. प्रयोगशाळेंत निळा पडदा आणि घरीं जी. सी. सी., असा दुहेरी संसार कित्येकांस वर्षभर चालवावा लागतो. जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरला पटविण्यासाठीं फार बदल लागत नाहींत. आय-ओ-स्ट्रीम या हेडरच्या नांवामागील टिंब व एच काढून टाकावयाचे, त्याखालीं स्टँडर्ड नेमस्पेस वापरण्याची ओळ घालावयाची, 'व्हॉइड मेन'च्या जागीं 'इंट मेन' लिहावयाचें, आणि पडदा पुसण्याची टर्बोची खास आज्ञा वगळावयाची. नांदेडच्या वस्तीचा वरील प्रोग्रॅम एवढ्या फेरफारानें चालतो, आणि पडद्यावर साडेपांच लाखांचा आंकडा पुरा उमटतो.